ठराव आणि कायदा यांतील अंतर

समाजवाद्यांनी मोठ्या पक्षात राहून त्याला डावीकडे वळवावे, की बाहेर स्वतःची शक्ती उभारावी, हा वाद आपल्याकडे सुमारे नव्वद वर्षे चालू आहे. भिवंडीतील आमचे काही विद्यार्थीही आज हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात शोधावे लागेल.

१९३४ साली स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष काँग्रेसच्या अंतर्गतच काम करीत होता. १९३६ मध्ये अध्यक्ष नेहरूंनी आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण व अच्युत पटवर्धन यांना कार्यकारिणीत घेतले. त्याच वर्षाअखेर खानदेशातील फैजपूर अधिवेशनात सारा व खंड यांत सूट, कर्जनिवारण आणि शेतमजुरांना पुरेसे वेतन यांचा पुरस्कार करणारा कार्यक्रम संमत झाला. पक्ष डावीकडे वळला, असे कोणालाही वाटावे. परंतु १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आले आणि पुढच्याच वर्षी त्याने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी संप घडवून आणला. अधिवेशनात कार्यकर्त्यांचे वजन पडते. सरकारात गेल्यावर भांडवलाचे पडू लागते.

१९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले. पुढे १९५५ साली आवडी येथे काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. ज्यांचा तो कार्यक्रम, ते तेव्हा विरोधी बाकांवर होते!

मग बाहेरचा दबाव तरी फलदायी ठरतो काय? रोजगार हमी योजना हे त्याचे उत्तर आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात ऐन भरात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी व कम्युनिस्ट यांनी त्यांना संघटित केले, मोर्चे काढले. मात्र योजनेची आखणी काँग्रेसचेच वि. स. पागे यांनी केली होती, हेही विसरता कामा नये. १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला. आपल्या पगारपत्रकावर तो आजही दिसतो. १९७७ मध्ये कायदा संमत झाला, १९७९ पासून अंमलात आला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यासाठी आदर्श ठरला. रस्त्यावरची संघटना, सभागृहातला जाणता माणूस आणि खर्चाची तरतूद या तिन्ही गोष्टी येथे जुळून आल्या.

भिवंडीत यांपैकी पहिलीच गोष्ट नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे काम येथील यंत्रमागांवर मोठ्या प्रमाणात आले. पण गिरणी कामगाराची संघटित शक्ती त्याबरोबर आली नाही. येथील कामगाराला मजुरी मिळते विणलेल्या कापडाच्या मापावर, बारा-बारा तासांच्या पाळीत. तो बहुतांशी परप्रांतीय असतो आणि पुष्कळांचे मत गावाकडेच राहते. साहजिकच निवडणुकीत माग मालकांच्या वीजदराची चर्चा होते, कामगाराच्या हजेरीपत्रकाची होत नाही.

विद्यार्थ्यांना कोणत्याही पक्षात जायचे असेल तर त्यांनी अवश्य जावे. तथापि त्याआधी त्यांनी निदान एका गल्लीतील माग कामगारांची संघटना बांधून नोंदवावी. तिच्या सभासदांची यादी हाती असेल, तरच पक्षाच्या बैठकीत त्यांचा शब्द ऐकला जाईल.