छायाचित्राची पाठ

मनुष्यास एखादा छंद असावा हें सर्वांस मान्य आहे. तो खर्चिक नसावा, एवढेंच वडील मंडळी मागाहून जोडतात. छायाचित्रणाचा छंद या दुसऱ्या कसोटीस पुष्कळ वर्षें उतरत नव्हता. ‘ॲग्फा क्लिक थ्री’ नांवाचा काळा, सुटसुटीत कॅमेरा ज्यांच्या घरीं होता त्यांस आठवत असेल कीं, त्यांत घातलेल्या एका रोलवर सहा सेंटिमीटर चौरस अशीं बाराच चित्रें निघत. त्यांतलें एक देवळापुढें, दोन पाहुण्यांसाठीं, एक आजीसाठीं, आणि उरलेलीं दिवाळीपर्यंत राखून ठेवावयाचीं. आज एखादा विद्यार्थी सहलीच्या एका दिवसांत मोबाइलवर दोनशें चित्रें टिपतो व त्यास दमडीही पडत नाहीं.

प्रस्तुत लेखकानें हा छंद जवळजवळ पन्नास वर्षें केला आहे, आणि फिल्म चांगली कीं डिजिटल चांगलें, हा प्रश्न त्यास वरचेवर विचारण्यांत येतो. जुन्या मनुष्यानें जुन्याचे गोडवे गावे, अशी विचारणाऱ्यांची अपेक्षा दिसते. तसें करण्याची आम्हांस इच्छा नाहीं.

फिल्मचा काळ कष्टाचा होता. प्रकाश पडतांच रुप्याच्या क्षाराचे कण बदलतात, पण तो बदल डोळ्यांस दिसत नाहीं; डेव्हलपरमध्यें त्या कणांचें काळें रुपें होतें, हायपोमध्यें न बदललेले क्षार विरघळून जातात, आणि मग सर्व वाहत्या पाण्यानें धुवावें लागतें. हें धुणें नीट न झाल्यास कांहीं वर्षांनीं चित्रावर पिवळे डाग उठतात. न्हाणीघराच्या दाराच्या फटींत घोंगडी कोंबून, तांबड्या दिव्याखालीं, बादल्यांनीं पाणी ओतीत हा उद्योग मध्यरात्रीपर्यंत चाले. उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई असे तेव्हां तर घरच्यांचा रोषही पत्करावा लागे. कोऱ्या कागदावर ओळखीचा चेहरा हळूहळू वर येतो तो क्षण मोठा सुखाचा, हें नाकारतां येणार नाहीं. पण तें सुख थोड्या सुखवस्तु घरांपुरतेंच राहिलें, हेंही तितकेंच खरें. १९७५ सालीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण एंजिनियरानें फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळविला. त्याचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें, आणि शंभर बाय शंभर ठिपक्यांचें एक चित्र फितीवर नोंदण्यास त्यास २३ सेकंद लागत. ज्या कंपनीच्या घरांत हें घडलें तिच्यावरच २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. उटीस १९६० सालीं स्थापन झालेला आपला सरकारी फिल्मचा कारखानाही बंद पडला. ह्याचें वाईट वाटतें. पण ज्या मुलाच्या बापास एक रोल परवडला नसता त्या मुलाच्या हातीं आज कॅमेरा आहे, आणि आमच्या मतें हा सौदा तोट्याचा झाला नाहीं.

हरवलें आहे तें निराळेंच. जुन्या घरांतील ट्रंक उघडून एखादें छायाचित्र उलटून पाहावें. पाठीवर पुष्कळदां शाईनें किंवा पेन्सिलीनें लिहिलेलें असतें: कोण, कोठें, कोणत्या सालीं, कोणाच्या मुंजीच्या वेळीं. हें लिहिण्याचें कारण साधें होतें. प्रत टपालानें मावशीकडे जावयाची, आणि मावशीस नवी सून ओळखूं यावी, एवढाच हेतु. त्या व्यवहारी ओळीमुळें साठ वर्षांनंतर तें चित्र बोलतें. आजच्या चित्राच्या पोटांत तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते हें खरें. परंतु चित्रांतली बाई कोणाची कोण, हें यंत्र लिहीत नाहीं, आणि व्हॉट्सॲपवरून तें चित्र एकाकडून दुसऱ्याकडे गेलें कीं ती तारीखही बहुधा गळून पडते. चित्रास आतां पाठच उरलेली नाहीं.

वाघोलीच्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट इतरांहून अधिक जवळची वाटावी. शेतें व दगडाच्या खाणी हीच ज्या गांवाची ओळख होती, तें २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलें. ज्या रस्त्यास आपण अजून नगर रस्ता म्हणतों, त्या नगराचें नांवही २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. वाघेश्वराचें देऊळ आणि पिलाजी जाधवरावांची समाधि यांचीं चित्रें पुष्कळ निघतात, निघावींत. तीं स्थळें दगडाचीं आहेत, अजून राहतील. पण खाणीवरचें पत्र्याचें घर, धुळीनें पांढरीं झालेलीं झाडें, इमारत उठण्यापूर्वींचें शेवटचें शेत, यांचीं चित्रें काढण्यास धंदेवाईक छायाचित्रकार कशास येईल? त्यास पोट आहे. हौशी मनुष्यास कोणी पैसे देत नाहीं, म्हणून त्यानें काय टिपावें हें सांगणाराही कोणी नाहीं.

ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे व्यवसायानें वैद्य. पण त्यांनीं कॅमेरा हातीं घेऊन आसपासच्या सामान्य लोकांचीं चित्रें काढिलीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरिला, कॅमेरा समोर ठेविला, आणि दिवसांमागून दिवस एकेक चित्र घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. विषयासाठीं त्यांस घराबाहेर जावें लागलें नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारी परिसरांत भूकंप झाला. त्यांत सांपडलेल्या कुटुंबांतील मुलांस भारतीय जैन संघटनेनें शिक्षणासाठीं पुण्यास आणिलें. तिचें शैक्षणिक संकुल वाघोलीसच आहे. ज्या मुलाचें घर अंधारांत दगडमातीखालीं गेलें, त्यास आईबापांचें एखादें चित्र मिळालें असेल किंवा नसेल. मिळालें असल्यास त्याची किंमत आपण काय करणार? आपल्या मोबाइलवर आईचीं शेंकडों चित्रें आहेत, आणि हवें असेल तें वेळेवर सांपडत नाहीं.

कोणी म्हणेल, आतां सर्वांजवळ कॅमेरा आहे, तेव्हां सर्वच नोंदलें जात आहे. आम्हांस हें मान्य नाहीं. जें सांपडत नाहीं तें नसल्यासारखेंच. आणि मोबाइल पाण्यांत पडला म्हणजे ‘सारखेंच’ हा शब्दही काढून टाकावा लागतो. म्हणून आमची सूचना अशी कीं, वर्षभराच्या हजारों चित्रांतून प्रत्येक विद्यार्थ्यानें बारा निवडावींत, जुन्या रोलइतकींच. तीं छापून घ्यावींत, त्यांत निदान एक वाघोलीचें असावें, आणि शाळेच्या ग्रंथालयांत त्यांसाठीं एक कपाट असावें. दोनशेंतून एक ठेवतांना डोळा जितका शिकतो तितका दोनशें काढतांना शिकत नाहीं. खाणीवरील कामकऱ्याचें चित्र घ्यावयाचें तर आधीं त्यास विचारावें, त्याचें नांव विचारावें, आणि मागाहून एक प्रत त्याच्या घरीं नेऊन द्यावी.

पाठीवर लिहितांना बॉलपेन दाबून चालवूं नये. त्याचे वळ पुढच्या बाजूस उमटतात. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल पुरेशी होती. हल्लींच्या गुळगुळीत कागदावर ती नीट उमटत नाहीं. तेव्हां प्रत कागदी पाकिटांत ठेवावी, आणि चित्र आंत घालण्यापूर्वींच पाकिटावर नांव, गांव व साल लिहावें.