पेटी आपली, किल्ली कोणाची?

'विकत घेणे' या दोन शब्दांचा अर्थ वर्गात समजावून सांगण्याचा प्रसंग इतक्या वर्षांत माझ्यावर आला नाही. पैसे मोजले, वस्तू आपली झाली. यावर भाष्य ते काय करावयाचे? पण आमच्या चिरंजीवांनी जुन्या बाजारातून प्लेस्टेशन ३ नावाची खेळाची पेटी घरात आणली, आणि तेव्हापासून हा अर्थ मला पुन्हा तपासावा लागत आहे.

ही पेटी सोनी कंपनीने २००६ साली काढली. टेलिव्हिजनला जोडून तीवर खेळावयाचे. खेळ तबकडीवर मिळतो, नाहीतर कंपनीच्या इंटरनेटवरील दुकानातून 'पॅकेज' नावाच्या गाठोड्यात उतरवून घ्यावा लागतो. गाठोड्यावर कंपनीचा गुप्त आकड्यांचा शिक्का असतो. तो पटला तरच पेटी ते उघडते. म्हणजे पेटी माझ्या दिवाणखान्यात, द्वारपाल मात्र कंपनीचा!

आरंभीच्या पेट्यांत लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली बसविण्याची सोय होती. तिच्याच बळावर अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने १,७०० हून अधिक पेट्या जोडून महासंगणक उभा केला. १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने सुरक्षिततेचे कारण सांगून ही सोय काढून टाकली. (तारीख मी निवडलेली नाही.) नवी सुधारणा नको म्हणावे, तर कंपनीच्या जाळ्यावर खेळता येणार नाही. वाडा विकत घ्यावा आणि काही वर्षांनी जुन्या मालकाने गवंडी पाठवून परसदार बुजवावे, तशातला हा प्रकार.

त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत काही तरुणांनी शिक्क्याचे बिंग फोडले. दर शिक्क्याला एक गुप्त आकडा नवा घ्यावयाचा असतो. कंपनी दर वेळी तोच वापरीत होती! दोन शिक्के शेजारी ठेवले, की शाळेतल्या बीजगणिताने किल्ली हाती येते. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ याने मूळ किल्ली जाहीर केली, सोनीने त्याला कोर्टात खेचले, एप्रिलात तडजोड जाहीर झाली.

पेटीचा असा आतून कारभार बदलला, की बाहेरची गाठोडीही बसतात. पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचा करावा, गाठोडे त्यात ठेवावे, पेटीच्या यादीतून 'इन्स्टॉल पॅकेज फाइल्स' निवडावे. ४ जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही, आणि विकतच्या खेळाला परवान्याची चिमुकली फाइल निराळी लागते. चिरंजीवांचे हे ज्ञान त्यांच्या भूगोलापेक्षा पक्के आहे.

"अहो, पण ही चोरी नव्हे का?" सौभाग्यवतींनी विचारले.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने माझ्याच पुस्तकाची झेरॉक्स प्रत माझ्याकडे सहीसाठी आणली होती. सही केली, मन मात्र खट्टू झाले. तेव्हा मी चिरंजीवांना बजावले, दुकानात मिळणारा खेळ फुकट उतरवावयाचा नाही.

"आणि बाबा, दुकानच बंद झालं तर?"

प्रश्न पोरकट नव्हता. निन्टेन्डोने 'वी'चे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केले. 'थ्रीडीएस' आणि 'वी यू' यांच्या दुकानांतील विक्री मार्च २०२३ मध्ये थांबली. सोनीनेही मार्च २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान मिटण्याची घोषणा केली होती. गिऱ्हाइकांनी ओरड केली तेव्हा एप्रिलात ती मागे घेतली.

"मग पैसे देऊन घेतलेले खेळ तेवढे नीट काढून ठेव," सौभाग्यवतींनी निकाल दिला. हल्ली आमच्या लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांशेजारी, एक काळी हार्ड डिस्क असते.