फुंकायला लावतात, कायदा सांगत नाहीत

रात्री नाक्यावर बॅरिकेड लागतं. मोठ्या गाडीची काच अर्धी खाली येते, आतून मोबाईल पुढे होतो, ‘साहेबांशी बोला.’ मागच्या टेम्पोवाल्याला मात्र कॉलर धरून खाली खेचतात. दोघांच्या तोंडाला वास एकच, कलमही एकच. मग रस्त्यावर ही चातुर्वर्ण्याची रांग लावली कुणी?

आधी एक रोखठोक सांगतो. पिऊन गाडी हाकणाऱ्याची वकिली आपण करायची नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडला गाडी फुटपाथवर चढली आणि झोपलेले ७ मजूर मेले. फुटपाथवर कोण झोपतं? आपलीच माणसं. म्हणून आपला पोरगा पिऊन स्टेअरिंगला हात घालत असेल तर चावी आपणच काढून घ्यायची. जयंतीची रात्र असली तरी.

पण आरोपीचे हक्क म्हणजे बड्यांची पळवाट, अशी बोंब मारणारे झूट बोलतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ड्रग्जला असा आकडा नाही. नशेमुळे गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता हे सिद्ध करावं लागतं. नुसते डोळे लाल दिसले म्हणून कुणी गर्दुल्ला होत नाही. डबल पाळी मारणाऱ्याचे डोळे लालच असतात, साहेब!

आणि कलम २०२ काय म्हणतं? या गुन्ह्यात अटक केली की २ तासांच्या आत डॉक्टरी तपासणी, नाहीतर सोडून द्या. १९७१ साली बचूभाई करयाणी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तोंडाचा वास, झोकांड्या, विस्फारलेली बुबुळं, एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असं ठाम म्हणता येत नाही. म्हणजे हवालदाराचं नाक हा पुरावा नव्हे.

हे २ तास दारुड्याला सोडवायला नाहीत. खरं रक्त वेळेत बाटलीत जावं म्हणून आहेत. कार्टर रोडच्या खटल्यात रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल नोंदलं गेलं होतं. २०१२ साली सुप्रीम कोर्टात ३ वर्षांची शिक्षा कायम झाली. सलमान खानच्या २००२ च्या खटल्यात रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरच शंका उभी राहिली. १० डिसेंबर २०१५ ला हायकोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शनं दोघांचा जीव घेतला. अल्पवयीन आरोपीला त्याच दिवशी जामीन, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध! पुढं रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली ससूनच्या डॉक्टरांना पोलिसांनीच अटक केली. यात आरोपीच्या हक्कांचा काय दोष? तपास नासला की बडा सुटतो. आणि तपासच केला नाही की टेम्पोवाला अडकतो. ही एकाच नाण्याची दोन तोंडं.

म्हणून हे पाठ करा. घटनेचं कलम २२: अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे, वकील भेटलाच पाहिजे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलंच पाहिजे. डी. के. बसू खटला, १९९६: अटकेचा पंचनामा आणि नातेवाइकाला खबर. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील, उत्पन्नाची अट न घालता. ठाण्यात हे आपल्याला कोण सांगतं? कुणीच नाही. तिथं एकच कलम चालतं, ‘किती देतोस?’

तोडपाणी करू नका. मशीनवरचा आकडा दाखवायला सांगा. डॉक्टर मागा, वेळ लिहून घ्या, वकील मागा. न पिता पकडलं असेल तर सही करून गुन्हा कबूल करू नका. पिऊन चालवली असेल तर शिक्षा भोगा, पण लाथा खाऊ नका. लाथ कुठल्याच कलमात लिहिलेली नाही.

जय भीम!