प्रश्न विडीचा विचारतो, मशेरी राहून जाते

"विडी-सिगारेट ओढतेस का गं?" शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावरच्या गरोदर बाईला असं विचारा, उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येईल. ती खोटं बोलत नाही. प्रश्नच अपुरा आहे. कारण सकाळी चुलीपाशी बसून तिने दातांना मशेरी लावलेली असते, आणि मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच.

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर धूर न काढता तंबाखू घेणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडे खरा धोका डबीत आहे.

मुंबईत 1,217 गरोदर महिलांचा अभ्यास झाला होता. तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं. मुदतीआधी बाळंतपण आणि मृत बाळ जन्मण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. 105 ग्रॅम म्हणजे किती, असं वाटेल. पण अडीच किलोच्या काठावरच्या बाळासाठी तेवढंच खूप असतं.

हे होतं कसं? हिरडीतून निकोटिन रक्तात उतरतं, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्त कमी मिळतं. घरात नवऱ्याची विडी चालू असेल तर त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. वीटभट्टीवर राबणारी, अंगात रक्त कमी असलेली कातकरी किंवा ठाकूर बाई हा दुहेरी मार कसा सोसणार?

राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिथे धाड कोण घालणार? शिवाय "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही", "बाळ लहान असलं की बाळंतपण सोपं जातं" असे समज सासूकडून सुनेकडे येतात. लहान बाळ म्हणजे सोपं बाळंतपण नव्हे, अशक्त बाळ.

म्हणून नुसत्या बंदीने भागणार नाही, प्रश्न बदलावा लागेल. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे आणि आशाताईंच्या घरभेटीत तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत: मशेरी लावतेस का? तंबाखू खातेस का? घरात विडी कोण ओढतं? सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 या मोफत हेल्पलाईनवर सल्ला मिळतो. आणि नवऱ्याने विडी सोडावी. तोवर निदान घरात तरी ओढू नये.

मशेरी गरोदरपणात कधीही सोडली तरी बाळाचा फायदाच आहे. फक्त त्या बाईला दरडावू नका. तिला हे आजवर कुणी नीट सांगितलंच नसेल.