मोडीचे दप्तर आणि मेट्टूरची पातळी

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात गेलेल्या मराठी माणसाचा ऊर मोडी दप्तराच्या उल्लेखाने भरून येतो आणि त्यातील एक ओळही आपल्याला वाचता येत नाही, हे ध्यानी येताच तो ओशाळतो. कारभाराच्या बारीकसारीक नोंदी शाबूत आहेत, वाचणारे थोडे. दुष्काळाच्या आकडेवारीचेही आज असेच झाले आहे, असे माझे मत आहे.

राजवाड्याच्या परिसराबाहेर पसरलेला कावेरीचा त्रिभुज प्रदेश भाताचा. येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. कालव्यांना येणारे पाणी मात्र प्रामुख्याने जून ते सप्टेंबरमध्ये दूर कोडगूच्या डोंगरांत पडलेले. म्हणून केवळ तंजावर जिल्ह्याचे पर्जन्यमान पाहून पिकाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. २०१६ साली ते सप्टेंबरमध्ये सुटले. पुढे ईशान्य मोसमी पाऊसही तमिळनाडूत सरासरीहून ६२ टक्के कमी झाला. राज्यातील सर्व ३२ जिल्हे दुष्काळग्रस्त जाहीर झाले ते जानेवारी २०१७ मध्ये. सांबा हंगामाचे बियाणे, खते, मजुरी यांवरील खर्च तोवर होऊन गेलेला असतो, हे पीककर्ज हाताळणाऱ्यास सांगावयास नको.

चाहूल आधी लागू शकते. केंद्रीय जल आयोग प्रमुख जलाशयांच्या साठ्याचे पत्रक दर आठवड्यास काढतो. हवामान विभाग पावसाची जिल्हावार तूट देतो. उपग्रहचित्रांवरून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक काढून तो मागील वर्षांशी ताडता येतो. अर्थात त्याला तणही हिरवेच दिसते आणि ढगांपुढे त्याचे काही चालत नाही, तेव्हा बांधावर जाणे सुटत नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, पिके, जमिनीतील ओल व जलसाठे एकत्र पाहावयास सांगितले. पैसेवारीला सरावलेल्या महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये ही पद्धत स्वीकारली.

कर्जाच्या पुनर्रचनेसाठी शासकीय घोषणेची वाट पाहणे आम्हा अधिकाऱ्यांना भाग असते. परंतु खातेदाराशी बोलावयास घोषणा लागत नाही. पीकविम्याची मुदत टळण्यापूर्वी त्याला आठवण देता येते; भाताऐवजी उडदाचा विचार करणाऱ्यास वेळीच कर्जाची सोय सांगता येते.

मेट्टूरची पातळी तेथील वृत्तपत्रे छापतात. १२० फूट म्हणजे धरण भरले, हे त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याला तोंडपाठ असते. शाखेच्या फळ्यावर व्याजदरांशेजारी त्या आकड्याला जागा देण्यास खडूखेरीज खर्च नाही.