मालिशीचे शिक्षण : हात कधी आवरावा, हेही शिका

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. आजूबाजूला हळदीचा पट्टा आणि जवळच वसमतची हळदीची बाजारपेठ. हळद काढणे, शिजवणे, पोती उचलणे, कापूस वेचणे अशा अंगमेहनतीवर या भागातील घरे चालतात. जेथे अंगमेहनत तेथे दुखणारी पाठ, आणि जेथे दुखणारी पाठ तेथे ती चोळून देणारा हात असतोच. आपल्या गावांत हा हात बहुधा दोन ठिकाणी सापडतो. एक हज्जामाच्या दुकानात, दाढी-कटिंगनंतरच्या चंपीत. दुसरा बाळंतिणीच्या खोलीत, जेथे एखादी खाला चाळीस दिवस जच्चा-बच्चाला तेल लावून न्हाऊ घालते.

या दोन्ही हातांना आपण कारागिराचा हात मानत नाही, ही आमची तक्रार आहे. सुतार, लोहार, शिंपी, गॅरेजवाला यांच्या कामाला आपण हुन्नर म्हणतो. मालिश करणाऱ्याला मात्र 'जरा हात फिरव' म्हणतो आणि जाताना काही तरी हातावर ठेवतो. सोयरीक जुळवताना तर या कामाचा उल्लेखही नको वाटतो. १९५७ च्या 'प्यासा' चित्रपटात जॉनी वॉकर यांनी रंगवलेला तेल-मालिशवाला अब्दुल सत्तार सर्वांना आवडला. पण आपला मुलगा तसा व्हावा, असे कोणाला वाटले नाही.

आता काळ बदलला आहे. शहरांत मालिशीला मोल आले आहे. हॉटेले, व्यायामशाळा, आयुर्वेदिक केंद्रे आणि नोकरदार घरांतील बाळंतिणी, सर्वांना शिकलेला हात हवा आहे. तेव्हा आमचे होतकरू तरुण विचारतात, हा धंदा शिकावा काय? आमचे उत्तर 'होय' असे आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती अट हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम या विद्येचा मान पाहू. युनानी वैद्यकात मालिशीला 'दलक' म्हणतात आणि इलाज-बित्-तदबीर या उपचारशाखेत तिला हिजामा व हमाम यांच्या बरोबरीचे स्थान आहे. इब्न सिना (९८०–१०३७) यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात कठीण, मऊ, दीर्घ आणि मध्यम असे मालिशीचे प्रकार सांगून प्रत्येकाचा शरीरावर होणारा परिणाम वेगळा दाखवला आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही ही 'जरा हात फिरव' अशी गोष्ट नव्हती. कोणत्या शरीराला कोणता दाब द्यावा, याचे ते शास्त्र होते.

दुसरे उदाहरण धंद्याचे आहे. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर वाढले आणि पुढे आयर्लंडमार्गे इंग्लंडला गेले. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे एक दुकान उघडले. ते दोन वर्षांत बुडाले आणि त्यांनी दिवाळे काढले. त्यानंतर समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात त्यांनी औषधी वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली. बरे झालेल्या लोकांच्या हकिकती जमवून १८२२ साली त्यांनी पुस्तक छापले. इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम यांच्याकडे त्यांची नेमणूक झाली. आज जगभर बाटलीत विकला जाणारा 'शांपू' हा शब्द आपल्याच 'चाँपना', म्हणजे दाबणे, या शब्दातून आला आहे. बुडालेल्या दुकानदाराला हातातल्या विद्येने उभे केले. मात्र त्यांनी कामाची नोंद ठेवली, जागा स्वच्छ ठेवली आणि ग्राहकाचा विश्वास मिळवला.

आता बदनामीकडे वळू, कारण तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. शहरांत 'स्पा' आणि 'मसाज पार्लर' या पाट्यांआड काही ठिकाणी भलतेच धंदे चालतात. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६ खाली पोलिसांच्या धाडी पडतात आणि त्याच्या बातम्या छापून येतात. म्हणून 'मालिश' हा शब्द ऐकताच लोक गालात हसतात आणि प्रामाणिक कारागिराची मान खाली जाते.

हेच संकट इंग्लंडमध्ये १८९४ साली आले होते. मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर तेथील वैद्यकीय नियतकालिकाने टीका केली आणि या कामात असलेल्या शिकलेल्या स्त्रियाही बदनाम होऊ लागल्या. तेव्हा परिचारिका व सुईणीचे काम केलेल्या चार स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी खुलासे देत बसण्याऐवजी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा घेतली आणि नियम घातले. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायची नाही, पुरुषांची सर्वसाधारण मालिश करायची नाही, बाजारू जाहिरात करायची नाही, रुग्णाला औषधे विकायची नाहीत. याच संस्थेतून पुढे ब्रिटनमधील फिजिओथेरपी व्यवसायाची आजची चार्टर्ड सोसायटी उभी राहिली. ज्या कामाला लोक नावे ठेवत होते ते परीक्षा आणि नियम यांच्या बळावर सन्मानाचे झाले. आम्हाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आता अटीकडे येतो. ज्याला वैद्यकाचे ज्ञान नाही त्याने उपचार केला आणि नुकसान झाले तर तो जबाबदार धरला जातो, हा आपल्या फिकहचा जुना नियम आहे. नियत चांगली होती, एवढे म्हणून सुटका होत नाही. मालिशीलाही हा नियम लागू पडतो, असे आमचे मत आहे. मालिश अपाय करू शकते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

समजा, एका बाळंतिणीची एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते आहे आणि दुखते आहे. घरचे म्हणतात, 'खाला, जोराने चोळा, सूज उतरेल.' अशा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. बाळंतपणानंतर आणि फार दिवस अंथरुणावर पडलेल्या माणसात हा धोका अधिक असतो. येथे खरी शिकलेली खाला हात लावत नाही. 'आधी दवाखान्यात न्या' म्हणते. त्या दिवशीचे तिचे पैसे बुडतात, पण एक घर वाचते.

हज्जामाच्या दुकानातील गोष्टही तशीच आहे. चंपीनंतर मान झटक्याने मोडून कट् असा आवाज काढायची रीत आहे आणि गिऱ्हाइकालाही तो आवाज आवडतो. पण मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. झटक्याने त्या फाटल्या तर पक्षाघात होऊ शकतो. आमचे तर स्पष्ट सांगणे आहे की, आमच्या भावांनी मान मोडणे आजपासून बंद करावे. गिऱ्हाईक मागेल तरी नाही म्हणावे.

अशा आणखी काही गोष्टी आहेत. ताप, अंगावर फोड किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर मालिश करू नये. हाड मोडल्याचा संशय असेल तर हात लावू नये. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय स्पर्श करू नये. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, तेथे जोराचा दाब आणि गरम शेक दोन्ही टाळावेत. तान्ह्या बाळाच्या नाका-कानात तेल सोडणे आणि नाक-डोके दाबून आकार देणे ही रीत थांबवावी. जो वर्ग हे शिकवतो तो खरा. जो फक्त तेलांची नावे आणि हात फिरवण्याच्या पद्धती शिकवतो, तो अर्धाच.

शिकायचे म्हणजे आणखी काय? स्नायू, हाडे, सांधे आणि रक्तवाहिन्या यांची ओळख. लांब हात फिरवणे, मळणे, चोळणे, थापटणे आणि कंप देणे या मूळ क्रिया. स्वतःची पाठ आणि अंगठे न दुखवता अंगाचा भार कसा वापरावा, हेही शिकावे लागते. कारण चुकीच्या सवयीने मालिश करणाऱ्याचेच सांधे लवकर जातात. नखे कापलेली, हात धुतलेले, चादर प्रत्येकाची वेगळी. काम सुरू करण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे : कोणता आजार आहे, कोणते औषध चालू आहे, शस्त्रक्रिया झाली आहे काय, कोठे दुखते. ही उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत.

आपल्यासाठी एक नियम आधीच ठरलेला आहे. पुरुषाने पुरुषाची आणि स्त्रीने स्त्रीची मालिश करावी, सतरचा भाग झाकलेला असावा, जेवढ्या भागावर काम तेवढाच उघडा करावा. काही जणांना हे धंद्यात अडचणीचे वाटते. आमचा अनुभव उलट आहे. ज्या घरातील स्त्रिया परक्याला दारात उभे करत नाहीत त्या अशा नियमाच्या बाईला विश्वासाने बोलावतात, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. हया ही या धंद्यातील मोठी पुंजी आहे.

आता पैशाचा हिशेब मांडू. समजा, एका खालाने चाळीस दिवसांचे काम ठोक ३,००० रुपयांत घेतले. रोज दीड तास काम म्हणजे ६० तास झाले. जाण्या-येण्याचा रोजचा अर्धा तास धरला तर आणखी २० तास. एकूण ८० तासांना ३,००० रुपये, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये! साडी आणि धान्य वरून मिळेल, पण त्यावर मुलांची फी भरता येत नाही. दर तासाने ठरवावा, आधी सांगावा आणि अर्धी रक्कम सुरुवातीला घ्यावी. हिशेब न करणारा कारागीर मेहनत विकत नाही, तो ती वाटून टाकतो.

शिकावे कोठे? ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत सहायक स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट अशी कामे आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम आधीच येणाऱ्यांची चाचणी घेऊन दाखला देण्याची तरतूद करण्यात आली होती. आमच्या खालांसारख्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथे जाऊन पंचकर्माच्या शिक्षणाबद्दल विचारावे. हज्जाम बांधवांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत न्हाव्याचे काम आहे. मालिश हा त्यात वेगळा व्यवसाय नाही. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको त्यांनी भत्ता आणि अवजारे यांचा लाभ का सोडावा?

खासगी वर्गांत पैसे भरण्यापूर्वी मात्र सावध राहावे. शरीररचना कोण शिकवते, प्रत्यक्ष हाताखाली किती तास काम मिळते, दाखला कोणाचा आणि नोकरी कोठे, हे लेखी विचारावे. काही महिन्यांचा वर्ग करून कोणी फिजिओथेरपिस्ट होत नाही. तो पदवीचा अभ्यास आहे. 'महिन्यात डॉक्टरसारखे व्हा' म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. आणि शहरात राहण्या-जेवणासह मोठ्या पगाराची मालिशीची नोकरी कोणी मुलीला देऊ करत असेल, तर घरच्या जाणत्या माणसाने जागा स्वतः पाहिल्याशिवाय, मालकाची कागदपत्रे तपासल्याशिवाय तिला पाठवू नये. अब्रू गेल्यावर केलेली चौकशी कामाची नसते.

शेवटी समाजबांधवांना एक सांगणे. हजरत दाऊद (अ.) हे आपल्या हातच्या कमाईवर जगत, हे आपण वाझमध्ये ऐकतो आणि मान डोलावतो. मग चाळीस दिवस एका आईचे अंग सांभाळणाऱ्या खालाला दर सांगताना संकोच का वाटावा? शिरड शहापूरसारख्या गावातील दहा-बारा मालिश करणाऱ्या बाया आणि पाच-सहा हज्जाम एकत्र बसले, गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दोन दिवस बोलावून 'हात कधी लावू नये' एवढेच शिकून घेतले आणि आपसांत एक दर व चार नियम ठरवले, तरी मोठे काम होईल. इंग्लंडमध्ये १८९४ साली चारच स्त्रिया होत्या.

हात अल्लाहने दिला आहे आणि हुन्नर वडीलधाऱ्यांकडून आला आहे. हात कधी आवरायचा, हे मात्र आपल्यालाच शिकावे लागेल. जो हे शिकेल त्याची रोजी हलाल राहील आणि मानही ताठ राहील.