करविचार : परक्याचे उत्तर आणि आपला व्यवहार

बेदाण्यावर वस्तू व सेवा कर लागतो की नाही, या प्रश्नाला तासगाव आणि सांगलीच्या बाजार आवारांत दोन परस्परविरोधी उत्तरे मिळू शकतात आणि ती दोन्ही बरोबर असू शकतात. जीएसटी परिषदेच्या 21 डिसेंबर 2024 रोजी जैसलमेर येथे झालेल्या 55 व्या बैठकीत असे स्पष्ट करण्यात आले की, शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर लागत नाही; मात्र तोच माल नोंदणीकृत व्यापाऱ्याने पुढे विकला, तर त्यावर 5 टक्के दराने कर आकारला जातो. येथे ‘शेतकरी’ म्हणजे शेतीशी संबंध असलेला कोणीही नव्हे. कायद्याने ही संज्ञा व्यक्ती किंवा अविभक्त हिंदू कुटुंबापुरती ठेवली असून, स्वतःच्या, कुटुंबाच्या अथवा स्वतःच्या देखरेखीखालील मजुरांच्या श्रमाने जमीन कसणे ही तिची अट आहे. त्यामुळे द्राक्ष बागायतदारांनी मिळून स्थापन केलेली उत्पादक कंपनी, तिचे सर्व सभासद शेतकरी असले तरी, स्वतः या व्याख्येत बसत नाही. एखाद्या बागायतदाराने आपल्या अनुभवावरून प्रामाणिकपणे दिलेला सल्ला अशा कंपनीला नोटिशीपर्यंत नेऊ शकतो, आणि त्यात सल्ला देणाऱ्याने एकही शब्द खोटा सांगितलेला नसतो.

अनोळखी माणसाच्या कर-सल्ल्याविषयी बोलताना त्याच्या हेतूवर संशय घेतला जातो, परंतु खरी अडचण बहुतेक वेळा हेतूची नसून न विचारलेल्या प्रश्नांची असते. कोणी विकले, कोठे विकले, कोणत्या तारखेला विकले आणि पैसा कोणत्या मार्गाने आला, हे माहीत करून न घेता दिलेले उत्तर हे विचारणाऱ्याच्या व्यवहाराविषयी नसतेच. ते सांगणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहाराविषयी असते.

याचे सर्वांत महागडे उदाहरण जमिनीचे आहे. ‘शेतजमिनीच्या विक्रीवर कर नसतो’ हे वाक्य सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत इतके रूढ आहे की, खरेदीखत होऊन पैसे खर्च झाल्यानंतरच अनेकांना त्यातील अटी कळतात. प्राप्तिकर कायदा ग्रामीण शेतजमिनीला भांडवली मालमत्ता, म्हणजे जिच्या विक्रीतील नफ्यावर कर लागतो अशी मालमत्ता, मानत नाही. पण जमीन ग्रामीण आहे की नाही, हे सातबाऱ्यावरून नव्हे, तर नजीकच्या नगरपालिकेची किंवा महापालिकेची लोकसंख्या आणि तिच्या हद्दीपासूनचे अंतर यांवरून ठरते. लोकसंख्या 10 हजारांहून अधिक व 1 लाखापर्यंत असल्यास हद्दीपासून 2 किलोमीटर, 1 लाखाहून अधिक व 10 लाखांपर्यंत असल्यास 6 किलोमीटर आणि त्याहून अधिक असल्यास 8 किलोमीटर अंतरापर्यंतची जमीन करपात्र ठरते. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या 5 लाखांच्या वर आणि सातारा शहराची 1 लाखाच्या वर होती, तर कराड, विटा आणि तासगाव ही शहरे 1 लाखाच्या आत होती. म्हणजे शहराच्या हद्दीपासून 4 किलोमीटरवरील शेत कराडजवळ करमुक्त आणि साताऱ्याजवळ करपात्र असू शकते. त्यातच 2013 च्या वित्त कायद्याने हे अंतर सरळ रेषेत मोजण्याचा नियम केला. कृष्णेच्या पलीकडे असलेल्या आणि पुलाचा वळसा घेऊन लांब पडणाऱ्या शेताच्या मालकाला हा फरक थेट भोवतो, कारण त्यापूर्वीच्या व्यवहारांत न्यायालयांनी रस्त्याचे अंतर ग्राह्य धरले होते आणि त्या काळात जमीन विकलेल्या नातेवाइकाची आठवण त्याच्यापुरती अचूकच असते. शिवाय 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर 12.5 टक्के झाला असून, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन 20 टक्के दराने कर मोजण्याचा पर्याय निवासी व्यक्तींना आणि अविभक्त कुटुंबांना ठेवला आहे.

एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही, ही गोष्ट कायद्यानेही मान्य केलेली आहे. जीएसटी कायद्यात अग्रिम निर्णय प्राधिकरणाची, म्हणजे व्यवहाराआधीच किंवा तो सुरू असताना कराविषयीच्या प्रश्नावर अधिकृत निर्णय देणाऱ्या मंडळाची, तरतूद आहे. सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत्याचा, हळद हा शेतमाल ठरतो काय आणि तिच्या अडतीवर कर लागतो काय, हा प्रश्न 2021 मध्ये महाराष्ट्राच्या याच प्राधिकरणापुढे आला होता. अशा निर्णयाचे बंधन केवळ अर्जदारावर आणि त्याच्याशी संबंधित अधिकाऱ्यावर असते. शेजारच्या गाळ्यातील अडत्याला त्यावर हक्क सांगता येत नाही. शासनाने नेमलेल्या मंडळाचा लेखी निर्णय जेथे दुसऱ्यावर लादता येत नाही, तेथे बसस्थानकावरील ओळखीने मिळालेल्या तोंडी सल्ल्याला किती वजन द्यावे?

परताव्याचे आमिष दाखवणारा सल्ला मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि त्याला अज्ञानाची सवलत देता येत नाही. राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या किंवा खोटे घरभाडे दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध प्राप्तिकर विभागाने 14 जुलै 2025 रोजी देशभरात 150 ठिकाणी कारवाई केली. आधीच्या 4 महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही तेव्हा जाहीर झाले. मध्यस्थ परताव्यातील आपला हिस्सा घेऊन निघून जातो. विवरणपत्राखालचे प्रतिज्ञापन करदात्याच्या नावाचे असते आणि उत्पन्न चुकीचे कळवल्याचा दंड, जो बुडवलेल्या कराच्या 200 टक्के इतका असू शकतो, त्याच्याकडूनच वसूल होतो.

सामान्य माणूस परक्याला विचारतो, याचा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी खानापूर-आटपाडीहून परराज्यांत गेलेल्या माणसाला, किंवा वर्षातून एकदाच मोठी रक्कम पाहणाऱ्या बागायतदाराला, नेमका प्रश्न कोणाला विचारावा हेच ठाऊक नसते. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या शाखा सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी आहेत. त्यांनी आणि बाजार समित्यांनी मिळून बेदाण्याच्या व हळदीच्या हंगामात आवारातच सल्ल्याचा ठरलेला दिवस ठेवावा. तेथे दिलेले प्रत्येक उत्तर लेखी असावे आणि त्यावर सल्लागाराचे नाव, सदस्य क्रमांक, तारीख व ज्या माहितीच्या आधारे ते दिले ती माहिती नोंदलेली असावी. पुढे नोटीस आलीच, तर करदात्याला आपण काय सांगितले होते आणि आपल्याला काय सांगण्यात आले, हे त्या कागदावरून दाखवता येईल.